फवारणी सायंकाळी करावी

सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा वेळी मधमाश्याही फुलांकडे कमी जातात. त्या पाणी आणतात, पोळ्यात शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून पोळे थंड ठेवतात.

माश्यांच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. सातेरी माशी उजाडताच बाहेर पडते. फुलोरी माशी ऊन चढल्यावर निघते. आग्या माशी तर चांदण्या रात्रीही फुलांवर जाते! (पोळ्याला आपण मोहोळ म्हणतो, आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याचे नावही तेच आहे.) जुन्या भिंतीच्या फटीत एक इवली, डंख नसलेली माशी राहते. ती जेमतेम चार मिलिमीटर लांब असते. तिला ऊब लागते, म्हणून थंडीत ती उशिरा कामाला लागते.

ऋतूप्रमाणे त्यांचे शेतही बदलते. हिवाळ्यात करडई, मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंब, मग चिंच. डाळिंबाला तर आंबिया, मृग आणि हस्त असे तीन बहार. फुले संपली की आग्या माश्या पोळे सोडून दूर निघून जातात.

आता मुद्द्याचे बोलू. सूर्यफुलाच्या एका चक्रात शेकडो छोटी फुले असतात. ती कडेकडून आत रोज थोडी थोडी उमलतात आणि त्यांचे पराग सकाळी मोकळे होतात. माश्यांची गर्दी तेव्हाच होते. माश्या आल्या नाहीत तर पुष्कळ दाणे पोकळ राहतात. आणि नेमके त्याच वेळी आपण पाठीवर पंप घेऊन औषध फवारतो! शेतकरी म्हणतात, सकाळी वारा पडलेला असतो. ते खरे आहे; पण सायंकाळीही तो बहुधा पडतो आणि माश्या घरी परतलेल्या असतात. काही औषधांचा अंश दुसऱ्या दिवशीही फुलावर राहतो. म्हणून ऐन फुलोऱ्यात फवारणी टाळलेलीच बरी.

भिंतीतील त्या इवल्या माशीवर लोक रॉकेल ओततात, याचे मला फार वाईट वाटते. ती केसांत शिरते, बारीक चावते, पण तिच्याजवळ विष नसते. तिच्या दाराशी डिंकासारख्या पदार्थाची बारीक नळी असते. तुमच्या शाळेच्या भिंतीत ती आहे का, पाहा. ऊन तापू लागले की पायांना परागाचे गोळे लावून माश्या त्या नळीत शिरताना दिसतील.