भंडाऱ्याचा हिशेब

नागपूरच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात तळ्यांचा व धानाचा मुलूख आहे. तेथील भंडारा-गोंदिया मतदारसंघात 28 मे 2018 रोजी लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दिल्ली व मुंबई या दोन्ही ठिकाणी सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाचे हेमंत पटले पडले आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे सुमारे 48 हजार मतांनी निवडून आले. निकाल जुना झाला खरा. पण त्याचा हिशेब आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनी अद्याप पुरता मांडलेला नाही.

2014 साली याच जागेवर सत्ताधारी पक्षाचे नाना पटोले सुमारे दीड लाख मतांनी पुढे होते. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर स्वपक्षाशीच बिनसल्यामुळे त्यांनी डिसेंबर 2017 मध्ये राजीनामा दिला. त्याच खरिपात तुडतुड्याने उभे धान खाल्ले होते. ऐन मे महिन्याच्या उन्हात मतदान झाले, यंत्रे बिघडली आणि 49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. तरीही पारडे जवळजवळ दोन लाखांनी फिरले. रयत मुकी आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

आता मिळाले काय ते पाहू. 4 जुलै 2018 रोजी केंद्र सरकारने साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलमागे 1550 वरून 1750 रुपये केली. हे एकट्या भंडाऱ्यामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही; दीडपट भावाचे वचन अर्थसंकल्पात आधीच दिलेले होते. परंतु 2019 च्या सार्वत्रिक निवडणुकीत तोच पक्ष देशात मोठ्या बहुमताने आला, भंडाऱ्याची जागाही त्याने सुमारे 1 लाख 97 हजार मतांनी परत घेतली, आणि त्या वर्षीची वाढ किती? 65 रुपये! मताची गरज असताना दोनशे व गरज सरल्यावर पासष्ट, हा हिशेब आमच्या चौथीच्या पोरालाही कळेल.

कोणी म्हणेल, मग दरवेळी सत्ताधाऱ्यास पाडावे म्हणजे झाले. बंधूंनो, तेवढ्याने भागत नाही. 2018 साली जिंकलेले कुकडे पूर्वी पडलेल्या पक्षाचेच आमदार होते. 1954 साली याच भंडाऱ्यात दोन जागांची पोटनिवडणूक झाली. तेव्हा सत्तेवर काँग्रेस होती. सर्वसाधारण जागा तिच्या हातून गेली व समाजवादी अशोक मेहता निवडून आले; पण राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले! सत्ताधारी पडला म्हणजे गोरगरिबांचा कैवारी निवडून आला, असे मुळीच नव्हे. 2024 साली ही जागा काँग्रेसकडे गेली. पुढेही ती फिरेल. गाडीचा मालक बदलतो, पण जू मात्र आपल्याच मानेवर राहते.

यास्तव आमचे सांगणे एवढेच. मत ही उपकाराची फेड नव्हे. ते पाच वर्षांचे मुखत्यारपत्र आहे. मुखत्यार नेमून झोपी जाणाऱ्याची जमीन कशी जाते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. धानखरेदीचे केंद्र वेळेवर उघडले काय, वजन खरे झाले काय, चुकारा किती दिवसांनी मिळाला. कोष्ट्याच्या कोशाला, बिडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीला, ढिवराच्या तळ्याला काय मिळाले, हे ग्रामसभेत कागदावर लिहून काढा. ज्यास लिहिता येत नाही त्याने शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीच्या हातून लिहवून घ्यावे. उमेदवार दारी आला की तोच कागद त्याच्या पुढे धरा, आणि निवडून आल्यावर दर सुगीला पुन्हा धरा.

जागा हिसकावणे एका दिवसाचे काम आहे. हिशेब घेणे बारमाही. पहिले भंडाऱ्याने करून दाखविले. दुसरे आपण कधी करणार?