आरोग्याच्या चार गोष्टी : चुकलेली गोळी

दिवाळी म्हटली की फराळ, पाहुणे आणि प्रवास आलेच. अशा वेळी अजीर्णावर चार शब्द लिहिले की वाचकही खूष आणि संपादकही खूष. यंदा मात्र विषय निराळा घेतला आहे. 'आमच्या घरात एच.आय.व्ही.ची चर्चा कशाला?' असे कोणी म्हणेल. पण त्या विषाणूने पांढरपेशांचे घर कधीच वर्ज्य मानले नाही. वर्ज्य मानतो ते आपण, आणि तेही फक्त बोलण्यापुरते!

आपल्या देशात हा विषाणू प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रासेस. १९८७ मध्ये झिडोव्ह्युडिन या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग्यांना बरे वाटू लागले, पण तो गुण फार दिवस टिकेना. औषध तेच, मात्रा तीच. मग बदलले काय? १९८९ साली उलगडा झाला. बदलला होता तो विषाणू.

पूर्वी पोथ्या हाताने नकलून काढीत. लेखनिकाने लिहिलेले पुन्हा वाचून पाहिले नाही, तर प्रत्येक प्रतीत चुका राहत. हा विषाणू तसाच बेफिकीर लेखनिक आहे. त्याची पोथी सुमारे ९,७०० अक्षरांची. उपचार नसलेल्या शरीरात तो रोज अब्जावधी प्रती काढतो आणि एकही तपासून पाहत नाही. बहुतेक चुका त्यालाच भोवतात. परंतु एखादी चूक अशी घडते, की औषधाला तो आवरेनासा होतो. बाकीच्यांची वाढ खुंटते, आणि हा एकटा मोकळ्या रानात वाढतो. लॅमिव्ह्युडिन या औषधाला दाद न देण्यास तर असा एकच बदल पुरतो.

यावर तोड निघाली ती १९९६ च्या सुमारास. एका दाराला तीन कुलुपे, म्हणजे तीन औषधे एकदम! तिन्ही कुलुपांच्या किल्ल्या एका चुकीतून हाती लागणे जवळजवळ अशक्य. मात्र गोळ्या वरचेवर चुकल्या, तर रक्तातील औषध उतरते आणि अर्धवट मार खाल्लेला विषाणू पुन्हा नकला काढू लागतो. असा निर्ढावलेला विषाणू दुसऱ्याला लागला, तर त्या बिचाऱ्याला पहिल्या गोळीपूर्वीच एखादे औषध निकामी झालेले असते.

आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही दिवसाच्या एकाच गोळीत येतात. यांतले डोल्युटेग्राव्हिर मोठे चिवट. पण तेही अजिंक्य नाही. औषध घेऊनही ज्यांच्या रक्तात विषाणू उरला होता, अशांच्या पाहण्यांत ३.९ ते ८.६ टक्के लोकांमध्ये त्याला दाद न देणारा विषाणू आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले.

आता दिवाळीकडे वळू. फराळानंतर छातीत जळजळ झाली की आपण आम्लनाशक घेतो. त्यांतील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला अंगी लागू देत नाहीत. म्हणून गोळी आम्लनाशकाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी त्याच वेळी घेऊ नयेत. क्षयाची औषधे चालू झाली, तर ते डॉक्टरांना सांगावेच. प्रवासाला निघताना चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. एखादी चुकली तर आठवताच घ्यावी, पण दोन एकदम घेऊ नयेत. वर्षातून एकदा रक्तातील विषाणूची मोजणी चुकवू नये. ती 'आढळत नाही' अशी टिकून राहिली, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

पण गोळी चुकण्याचे एक कारण वैद्यकाच्या पुस्तकात नसते. घर पाहुण्यांनी भरलेले असते, आणि गोळी घेणाऱ्याला आडोसा सापडत नाही. 'ही कसली हो गोळी?' असे मामंजींनी विचारले तर काय सांगावे, या धास्तीने ती उद्यावर जाते, परवावरही जाते. तेव्हा या दिवाळीत कोणी रात्री पेलाभर पाणी घेऊन जरा बाजूला गेले, तर त्याला जाऊ द्यावे. विचारू नये. परत आल्यावर पानावर आणखी एक करंजी वाढावी.