नाताळची सुट्टी, बाहेरून कुलूप आणि आत मूल



जिल्हा परिषदेच्या शाळांना नाताळची एका दिवसाची सुट्टी. पण आमच्या वसईत चर्चच्या संस्थांच्या मराठी शाळा बऱ्याच आहेत. तिथे आणि बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आठवडा, कुठे दहा दिवस सुट्टी असते. मुलं खूश! अडचण एवढीच की आईबाबांना रजा फक्त २५ तारखेची, काहींना तीही नाही. मे महिन्यात मुलांना गावी आजीकडे पाठवता येतं, दिवाळीत कोणी ना कोणी घरी असतं. या सुट्टीत मात्र आईबाबा नेहमीसारखे विरार लोकल पकडतात आणि मूल घरी राहतं.

सुट्टीच्या आधी मी वर्गात विचारते, "दिवसा घरी कोण असणार?" दरवर्षी एक उत्तर येतंच. "कोणी नाही बाई, आई बाहेरून कुलूप लावून जाते." मुलं हे इतक्या सहज सांगतात की आपल्यालाच गलबलून येतं.

त्या आईला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तिला भीती चोराची असते, अनोळखी माणसाची असते, मूल खाली रस्त्यावर जाईल याची असते. पण माझं स्पष्ट मत आहे की बाहेरून लावलेलं कुलूप टीव्ही आणि दागिने सांभाळतं, मूल नाही. आत काही पेटलं तर त्या मुलाला बाहेर पडायला वाटच नसते. खिडक्यांना आपण लोखंडी जाळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे तोही रस्ता बंद.

आणि पेटायला या दिवसांत घरात बरंच काही असतं. गोठा बघा. खाली वाळलेला पेंढा, वर बर्फ म्हणून पसरलेला कापूस आणि त्यातूनच फिरवलेली लायटिंगची माळ. बाहेर कागदी चांदणीत बल्ब, शेजारी ट्री, आणि या सगळ्याच्या पिना एकाच एक्स्टेंशन बोर्डात. पूर्वी युरोप-अमेरिकेत नाताळच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, त्यातून आगी लागायच्या. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी पहिल्यांदा झाडावर विजेचे ८० दिवे लावले. त्यानंतर हळूहळू मेणबत्त्या मागे पडल्या. म्हणजे लायटिंग ही मुळात सुरक्षित सोय आहे. एलईडी तर तापतही नाही फारसा. तापतो तो ढिला सांधा, स्वस्तातला अडॅप्टर आणि सेलोटेप गुंडाळलेली वायर. गेल्या वर्षीची माळ माळ्यावरून काढली की ती लावण्याआधी पूर्ण लांबी हातातून फिरवून बघा. कुठे तांबं दिसलं तर सरळ फेकून द्या, दीडशे रुपयांची वस्तू आहे.

आगीपेक्षा धूर लवकर मारतो, हे आपण मुलांना सांगतच नाही. २९ डिसेंबर २०१७ ची मुंबईतल्या कमला मिल कंपाउंडमधली आग आठवा. मध्यरात्रीनंतर लागलेल्या त्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण बचावासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. ती तर मोठी माणसं होती. मग घाबरलेलं आठ वर्षांचं मूल काय करेल? पलंगाखाली लपेल, कपाटात शिरेल, बाथरूमची कडी लावून घेईल. म्हणून त्याला आधीच सांगायला हवं: लपायचं नाही, बाहेर पडायचं. धूर वर चढतो, त्यामुळे खाली वाकून, रांगत दाराकडे जायचं. लिफ्ट नाही, जिना. काही आणायला परत आत जायचं नाही, नवीन सायकलसाठीसुद्धा नाही.

आता प्रश्न येईल, बाई, मग करायचं काय? नोकरी सोडायची?

नाही. दहा वर्षांच्या आतलं मूल दिवसभर एकटं ठेवूच नये, असं मला वाटतं. एकाच मजल्यावरची किंवा एकाच वर्गातली चार घरं एकत्र आली, तर प्रत्येकाने एकेक दिवस रजा घ्यायची. चार दिवस तिथेच निघाले! मोठं मूल थोडा वेळ एकटं राहणार असेल तर दार आतून लावायचं, आणि ती कडी त्याच्या हाताला येते का, पटकन निघते का, हे आपल्यासमोर करून घ्यायचं. जाळीच्या कुलपाची किल्ली जाळीजवळच, त्याचा हात पोहोचेल अशा खिळ्यावर. एक चावी शेजारी असू द्या. पण शेजारच्या काकू त्या दिवशी घरी आहेत ना, हे विचारायला विसरू नका.

गॅसबद्दल आपण मुलांना एकच वाक्य ऐकवतो: "हात लावलास तर बघ!" त्यामुळे रेग्युलेटर बंद कसा करतात हे चौथीच्या मुलालाही ठाऊक नसतं. खरं तर निघताना तो आपणच बंद करायचा, पण करताना मुलाला दाखवायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर लाईट-पंख्याचं कोणतंही बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही. दार उघडून बाहेर पडायचं आणि मोठ्यांना सांगायचं. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. थंडीचे दिवस आहेत म्हणून आणखी एक. गॅस गीझर असलेल्या बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वासही नसतो, रंगही नसतो. एकट्या मुलाने त्या पाण्याने आंघोळ करायची नाही. एक दिवस पारोसं राहिलं तर काही बिघडत नाही.

कोणत्याही संकटात ११२. पण लावणार कशावरून? घरातला लँडलाइन कधीच गेला, आणि आईबाबांचे मोबाईल त्यांच्यासोबत लोकलमध्ये! जुना साधा फोन असेल तर रिचार्ज करून, चार्ज करून घरात ठेवा. माझ्या तिसरीच्या मुलांना कविता पाठ असतात, पण आईचा नंबर बऱ्याच जणांना येत नाही. बिल्डिंगचं नाव, विंग, जवळची खूण हेही सांगता येत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला आपण हे घ्यायला काय हरकत आहे? शिक्षकांनो, सुट्टीचा अभ्यास म्हणून दहा पानं शुद्धलेखन देण्याचा आपला हट्ट मला तरी कळत नाही.

२४ च्या रात्री सगळं घर मिस्साला जातं, तेव्हा गोठ्याची आणि चांदणीची लायटिंग भिंतीवरच्या बटणापासून बंद करून निघा. परत आल्यावर लावता येते.

या वर्षी मी शुद्धलेखनाची पाच पानं कमी केली आहेत. त्याऐवजी मुलांनी घरी तीन गोष्टी करून दाखवायच्या: डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंत जाऊन कडी काढणं, दोन फोन नंबर न बघता सांगणं आणि पूर्ण पत्ता बोलणं. खाली पालकांची सही. वही २२ तारखेपर्यंत माझ्याकडे यायला हवी. ज्यांची येणार नाही त्यांना २३ ला माझा फोन येईल.