आधी पऱ्हे, मग रोवणी

भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादकाचे भवितव्य पूर्वी पाऊस, तलाव आणि बाजारभाव या तिघांच्या हाती असे. आता त्यांत संगणकाची भर पडली आहे. सातबारा ऑनलाइन झाला. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरील ई-पीक पाहणीत होऊ लागली. आधारभूत केंद्रावर धान विकावयाचे तर नोंदणी संगणकावर. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु ज्या सॉफ्टवेअरवर शेतकऱ्याचा हंगाम अवलंबून आहे, ते कोणत्या पद्धतीने तयार होते आणि वापरात येण्यापूर्वी त्याची परीक्षा कोण घेतो, हे प्रश्न ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा पडली आहे. ती मोडली पाहिजे.

या प्रथेची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. जून २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर झाली. कोट्यवधींच्या रकमा ज्या यादीवर वाटावयाच्या, ती यादी ऑनलाइन अर्जांतून तयार व्हावयाची होती. शेतकरी सहकुटुंब केंद्रांसमोर रांगा लावून उभे राहिले. १८ ऑक्टोबर रोजी, दिवाळीच्या तोंडावर, प्रमाणपत्रेही वाटली गेली. मग उघडकीस आले की, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे आहेत आणि बँकांकडील नोंदींशी अर्जांचा मेळ बसत नाही. खात्यात पैसे पडण्यास विलंब झाला आणि दोष ‘संगणकाचा’ ठरला. वस्तुतः संगणक चुकला नव्हता. तारीख आधी ठरली आणि काम तिच्यामागे फरफटत गेले, ही खरी चूक होती.

ही व्याधी एकट्या महाराष्ट्राची नव्हे. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे जगातील तज्ज्ञ जमले, तेच मुळी सॉफ्टवेअरची कामे वेळेत, खर्चात आणि बिनचूक का होत नाहीत, या चिंतेने. पुढे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी या विचाराला शिस्तीचे रूप दिले. त्यांच्या मांडणीत संस्थेच्या कार्यपद्धतीच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर काम एखाद्या हुशार माणसाच्या धावपळीवर तरते. दुसऱ्यावर नियोजन आणि नोंदी येतात; तिसऱ्यावर पद्धत लेखी होऊन साऱ्या संस्थेची होते; चौथ्यावर दोषांचे मोजमाप होते आणि पाचव्यावर त्या मोजमापातून सुधारणा अखंड चालू राहते. भारतीय कंपन्यांनी पाचव्या पायरीची प्रमाणपत्रे मोठ्या संख्येने मिळविली. परदेशी ग्राहकाला जी शिस्त पुरविली जाते, ती लाखांदूरच्या शेतकऱ्याला का मिळू नये?

ती मिळू शकते, याचा पुरावाही याच राज्यात आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी कर्जमाफी आली, तेव्हा शेतकऱ्याकडून अर्ज मागविण्याऐवजी कर्जखात्यांची माहिती बँकांकडूनच घेण्यात आली. शेतकऱ्याने केवळ अंगठा लावून आपली रक्कम पडताळावयाची. ती मान्य नसेल तर तक्रार थेट जिल्हा पातळीवर. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी निघाली, ती केवळ ६८ गावांची आणि १५,३५८ नावांची. त्या गावांत यंत्रणा कशी चालते हे पाहून मगच लाखो नावांची यादी बाहेर आली. ही योजनाही सर्वस्वी निर्दोष होती, असे नव्हे. परंतु मागच्या अनुभवातून पद्धत बदलली गेली आणि चाचणी आधी घेतली गेली. सुधारणा म्हणतात ती हीच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एवढ्या तपासण्यांना शासनापाशी वेळ कोठे आहे? हंगाम थांबत नाही, हे खरेच. पण धानाची शेती करणाऱ्याला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. बियाणे उगवले की नाही हे पऱ्ह्यांतच कळते. बांधीत रोवणी करून मग पाहू, असे कोणी म्हणत नाही. पऱ्ह्यांना दिलेले दिवस म्हणजे वाया गेलेले दिवस नव्हेत.

म्हणून मागणी साधी आहे. कोणतीही नवी प्रणाली राज्यभर लादण्यापूर्वी ती जिल्ह्याच्या एखाद्या तालुक्यात, जेथे मोबाइलची रेंज धड मिळत नाही अशा गावांसह, चालवून पाहावी. तलाठी, सेवा सहकारी संस्थेचा गटसचिव आणि खरेदी केंद्रावर नोंदणी करणारा कर्मचारी यांना रचनेच्या वेळीच बोलवावे. उद्घाटनाच्या वेळी नव्हे. आलेल्या प्रत्येक दोषाची नोंद ठेवावी, तो किती दिवसांत दूर झाला हे जाहीर करावे आणि हंगाम संपताच त्या नोंदींचा आढावा घेऊन पुढच्या हंगामापूर्वी दुरुस्ती करावी. प्रणाली बंद पडलेले दिवस शेतकऱ्याच्या मुदतीतून आपोआप वजा व्हावेत. त्यासाठी त्याला निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत.

यांतील एकाही गोष्टीला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागते ती चूक लिहून ठेवण्याची तयारी. ज्या कार्यालयात चुकांची नोंद नसते, तेथे त्या चुका दर हंगामाला नव्याने उगवतात, आणि त्यांची भरपाई करतो तो रांगेत उभा असलेला शेतकरी.