चाळिशी आणि जुनी गाडी

मराठीत 'चाळिशी' या एकाच शब्दात वयही आले आणि वाचायचा चष्माही. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना हल्ली दोन्ही लागल्या आहेत. पूर्वी चारजण जमले की ग्रीन कार्डाच्या गप्पा व्हायच्या. आता गुडघे, शुगर आणि कोलेस्टेरॉल! आणि सूर कसा? तर "या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला!" जणू शरीर म्हणजे हाताखालचा कामचुकार नोकर.

पाली ग्रंथांत बुद्धांची पाठदुखी लपवलेली नाही. संगीती सुत्तात पाठ दुखते म्हणून ते पुढचे प्रवचन सारिपुत्ताकडे सोपवतात आणि सरळ आडवे होतात. महापरिनिब्बान सुत्तात, वयाच्या ८० व्या वर्षी, ते आनंदाला सांगतात की हे शरीर आता पट्ट्यांनी आवळून कशीबशी चालवलेली जुनी गाडी झाले आहे. तिथला 'जज्जर' शब्द म्हणजे आपला 'जर्जर'च. ना लाज, ना त्रागा.

आम्हा इंजिनियर मंडळींना ही उपमा चटकन पटते. जुन्या यंत्रावर रागावून काय होणार? आपण त्याचा आवाज ऐकतो, तेल घालतो, भार कमी करतो. ते कायम नवे राहील असे तर कोणी डिझाइनमध्ये धरतच नाही.

संयुत्त निकायात नकुलपिता नावाचा एक म्हातारा, आजारी गृहस्थ येतो. 'होशील बरा' अशी खोटी समजूत बुद्ध घालत नाहीत. शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू देऊ नकोस, याचा अभ्यास कर, एवढेच सांगतात. म्हणून औषध सोडायचे असे मात्र नव्हे हं! आजारी भिक्षूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घ्यायला त्यांनीच परवानगी दिली होती.

हा अभ्यास करायचा कसा? १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये बौद्ध ध्यानावर आधारलेला एक कार्यक्रम सुरू केला. त्यातला 'बॉडी स्कॅन' अगदी साधा आहे. उताणे पडायचे, डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे सावकाश लक्ष न्यायचे. दुखले तर 'दुखतेय' एवढीच नोंद. शेरा मारायचा नाही.

भारतात फोन केला की आपण आईबाबांना किती मायेने म्हणतो, "जपून चाला, दमू नका." त्याच आवाजात एकदा स्वतःच्या गुडघ्याशी बोलून बघू या.