सावकाश!

चिकुनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला; सांधे मात्र महिना झाला तरी धरलेलेच. हा आजारच तसा. डास चावल्याचं निमित्त, पण दुखणं काहींना कित्येक महिने पुरतं. तरीही रजा संपली म्हणून सोमवारी कचेरीत गेले. टिळकवाडीहून रिक्षा केली, दोन जिने चढले आणि खुर्चीत बसले ती घामाघूम होऊनच.

"आराम अदीरेन्री?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"हो, अगदी!" मी हसून म्हटलं. पण फाइल उचलताना मनगटानं खरं काय ते सांगून टाकलं. बाईंनी ती माझ्या हातून घेतली. म्हणाल्या, "साव्काश माड्री."

सावकाश! दोन्ही भाषांतला शब्द. आई मराठीत म्हणायची, सासूबाई कन्नडमध्ये म्हणतात. मी ऐकलं कोणाचंच नाही. त्या दिवशी मात्र ऐकलं. साहेबांकडे जाऊन आठवडाभर अर्ध्या दिवसाचं काम मागितलं. मागताना जीभ अडखळली. साहेब क्षणभर थांबले, मग 'बरं' म्हणाले.

मैत्रिणींनो, ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नव्हे. दुखत असताना 'बरी आहे' म्हणण्यात कसला आला शूरपणा?