घर बांधणारा, बांधवून घेणारा आणि कायदा

संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाल्यापासून आजऱ्याच्या पेठेचें रूप झपाट्यानें पालटत आहे. जांभ्या चिऱ्यांचीं कौलारू घरें उतरून त्या जागीं काँक्रीटचे मजले चढत आहेत. मुंबईस जन्म घालविलेला गृहस्थ आपल्या पेन्शनीचा पैसा गांवच्या घरांत घालीत आहे, आणि व्यापारी दुकानावर माडी घेत आहे. गांवाची ही भरभराट पाहून कोणासहि संतोष वाटेल. परंतु भिंतींबरोबर मालक व ठेकेदार यांचे तंटेहि वर चढत आहेत. “घर पहावें बांधून” ही म्हण आमच्या पूर्वजांनीं खर्चास व दगदगीस उद्देशून केली. आतां ती कोर्टकचेरीसहि लागू पडूं लागली आहे.

या तंट्यांच्या बुडाशीं दर वेळीं लबाडी असतेच असें नाहीं. ठेका ठरतो तो चहाच्या दुकानांत, चौरस फुटाच्या एका दरावर. त्या चौरस फुटांत सज्जा धरावयाचा कीं नाहीं, जिना व पाण्याची टाकी यांचें माप कसें घ्यावयाचें, दर मालासह आहे कीं नुसत्या मजुरीचा, सळईचा भाव मध्येंच चढला तर तो बोजा कोणीं सोसावयाचा, यांपैकीं एकाहि गोष्टीचा उच्चार होत नाहीं. उच्चार केल्यास समोरच्या माणसावर अविश्वास दाखविल्यासारखें होतें अशी आमच्याकडे समजूत आहे. पुढें मालक म्हणतो, पैसे अधिक गेले. ठेकेदार म्हणतो, काम अधिक झालें. आणि मृगाचा पाऊस कोणाचीहि वाट न पाहतां उघड्या भिंतींवर कोसळूं लागतो. येथील पावसांत बाहेरचें काम महिनोन्महिने अडतें हें दोघांसहि लहानपणापासून ठाऊक असतें, तरी मुदत ठरवितांना तें एकाच्याहि ध्यानांत येऊं नये हें आश्चर्य होय!

कायद्याचा विचार करूं लागल्यास, १८७२ चा कराराचा कायदा आजहि चालू आहे व त्याप्रमाणें तोंडी करार हाहि करारच होय. कायदा तोंडच्या शब्दास नाकारीत नाहीं. मात्र तो शब्द शाबीत करण्याचा भार ज्याचा त्याच्या शिरावर टाकतो. आतां साक्षीस कोणास आणावयाचें? ठेकेदाराचा गवंडी ठेकेदारासारखें बोलणार व मालकाचा मेहुणा मालकासारखें. वकिलीच्या धंद्यांत असे दावे आमच्या पाहण्यांत आहेत कीं ज्यांत दोन्ही पक्ष आपापल्या परी खरेंच बोलत होते, आणि न्यायाधीशास कोणाचेंहि खरें मानतां येत नव्हतें.

दुसरा खड्डा मुदतीचा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत लावला पाहिजे, असें १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. आमचा ठेकेदार भिडेखातर “यंदा राहूं द्या, ऊस गेल्यावर बघूं” हें ऐकून घेतो, आणि तीन हंगाम निघून जातात. ती मुदत सरण्यापूर्वीं बाकी कबूल केल्याची मालकाच्या सहीची एक चिठ्ठी घेतली असती तर तिच्या तारखेपासून मुदत नव्यानें मोजली गेली असती. व्यापाऱ्यांस हें नवें नाहीं. उधारीच्या खात्यावर ते सही घेतातच. पण तेच व्यापारी घर बांधावयास निघाले म्हणजे ही रीत पेढीवर ठेवून येतात. उलट पक्षीं, ज्या थोड्या मालकांनीं लेखी करार केला आहे त्यांतील कित्येकांस वाटतें कीं “उशीर झाल्यास दर दिवशीं हजार रुपये दंड” असें लिहून घेतलें म्हणजे हजार पदरांत पडलेच. तसें नाहीं. कराराच्या कायद्याचें ७४ वें कलम त्या आंकड्यास कमाल मर्यादा मानतें. तिच्या आंत वाजवी काय तें न्यायालय ठरवितें.

मालकास आणखी एक दार उघडें आहे. घर बांधून देणें ही सेवा होय असें २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मानतो. म्हणून राहण्याच्या घराचें काम वाईट झाल्यास दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार नेतां येते. ठेकेदारास आपल्या पैशाकरितां तें दार नाहीं. त्यानें दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी. ज्या २०१६ च्या रेरा कायद्याचा एवढा गाजावाजा झाला, तो पांचशें चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ गाळ्यांपर्यंतच्या योजनांस नोंदणींतून वगळतो, व स्वतःच्या जागेवर स्वतःसाठीं घर बांधणाऱ्याचा तर त्यांत प्रश्नच येत नाहीं. अर्थात् मोठ्या शहरांस मिळालेलें हें छत्र आजऱ्यासारख्या गांवावर फारसें येत नाहीं.

येथवर खाजगी माणसांचें झालें. परंतु या देशांत सर्वांत मोठा बांधकाम-मालक म्हणजे सरकार. रस्ते, पूल, धरणें, शाळा, पाणीयोजना हें सारें ठेक्यानेंच होतें, आणि खेड्यापाड्यांतील होतकरू तरुण भांडवल कर्जाऊ काढून याच कामांत उतरतात. त्यांनीं नाशिकच्या एका दाव्याची हकीकत अवश्य वाचावी. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून पाणी नेणारा जलसेतु बांधण्याचें काम १९५५ च्या जुलैंत बारा महिन्यांच्या बोलीनें एका ठेकेदार पेढीस दिलें गेलें. काम मुदतींत पुरें झालें नाहीं म्हणून पुढील ऑगस्टांत सरकारनें ठेका रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ज्या करारांतच मुदत वाढविण्याची व उशिराबद्दल दंडाची तरतूद आहे त्यांत मुदत हा कराराचा प्राण मानतां येत नाहीं. नवी वाजवी मुदत न देतां ठेका मोडणें गैर होय. निर्णय उत्तम. पण तो मिळाला १९७९ सालीं! तेवीस वर्षें! आणि हें कांहीं परकी अमदानींतील प्रकरण नव्हे. खटला चालला तो सगळा स्वराज्यांत.

लेखी आदेशावांचून सरकारी काम करणाऱ्यांसहि एक आधार आहे. १९४४ सालीं बंगालमध्यें आरामबाग येथें अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका पेढीनें सरकारी पुरवठा खात्याकरितां बांधकामें केलीं. पैसे मागतांच, करार कायद्यानें ठरविलेल्या रीतीचा नाहीं असा बचाव सरकारनें पुढें केला. १९६१ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो बचाव अपुरा ठरविला: काम फुकट करण्याचा हेतु नसतां तें केलें गेलें, व सरकारनें त्याचा लाभ घेतला, तर कलम ७० प्रमाणें मोबदला देणें प्राप्त आहे. तरीपण साहेबांच्या तोंडच्या शब्दावर रस्त्याला खडी टाकणाऱ्या आमच्या ठेकेदारांनीं यावरून फार धीर धरूं नये. सतरा वर्षें थांबण्याचें बळ ज्याच्या अंगीं आहे त्यासच हा आधार पेलतो.

सर्वांत निराधार तो पोटठेकेदार. २०२५ च्या जुलैंत शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील एका तरुणानें जलजीवन योजनेच्या कामाचे पैसे अडकल्यामुळें जीव दिल्याची बातमी साऱ्या महाराष्ट्रानें वाचली. त्यावर सरकारच्या बाजूनें उत्तर आलें तें असें कीं, त्याच्या नांवें आमच्याकडे ठेका नव्हता, तो पोटठेकेदार असावा. कायद्याच्या दृष्टीनें हें उत्तर अगदींच टाकाऊ नाहीं. ज्याच्याशीं करार नाहीं त्यास दावा नाहीं, हें तत्त्व जुनें आहे. पण नळ बसले, पाणी आलें, आणि ज्यानें चर खणले त्याचा आमच्याशीं संबंध नाहीं, असें लोकांच्या सरकारनें म्हणावें काय? विलायतेंत १९९६ च्या एका कायद्यानें, “आम्हांस वरून पैसे आले तरच तुम्हांस देऊं” ही ठेकेदारांची अट सामान्यतः निरर्थक ठरविली, आणि बांधकामाचा तंटा निवाडाकाराकडे गेल्यावर साधारणतः २८ दिवसांत तात्पुरता निकाल लागावा अशी सोय केली. इंग्रजांचा १८७२ चा कायदा आम्हीं दीडशें वर्षें जपून ठेवला आहे. त्यांचा हा १९९६ चा घेण्यास काय हरकत होती? निदान मुख्य ठेकेदाराचें पुढचें बिल काढण्यापूर्वीं त्यानें पोटठेकेदारांस व मजुरांस पैसे पोंचविल्याच्या पावत्या पाहाव्यात, एवढी अट प्रत्येक निविदेंत घालण्यास कोणता नवा कायदा लागतो?

दोन गोष्टी अलीकडे बऱ्या झाल्या आहेत. सरकारी करारांत पंच कोण हें सरकारी पक्षानेंच एकतर्फी ठरवावें, ही वहिवाट २०२४ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें अग्राह्य ठरविली. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरांत बसूं लागल्यामुळें या तालुक्याच्या पक्षकारास अपिलासाठीं मुंबईची रात्रगाडी धरावी लागत नाहीं. अर्थात् कचेरी जवळ आली म्हणून तिकडे धांव घ्यावी असें नव्हे.

आमची सूचना आजरा नगरपंचायतीस आहे. बांधकामाच्या परवान्याबरोबर तिनें मराठी करारपत्राचा एक छापील नमुना प्रत्येक अर्जदारास द्यावा. त्यांत मापाची रीत, मालाची प्रत, दर, पाया, जोतें, छत व गिलावा अशा टप्प्यांवर द्यावयाचे पैसे, जादा कामास दोघांची सही, पावसाचे महिने वगळून मोजलेली मुदत, आणि तंटा उठल्यास उभयतांनीं मिळून नेमावयाचा पंच, इतकीं कलमें पुरेत. तो तयार करतांना वकिलांबरोबर गांवांतील दोन जुन्या गवंड्यांसहि बोलवावें. कागदावर काय राहून जातें हें त्यांस आम्हां वकिलांपेक्षां अधिक कळतें. कराराच्या मुद्रांकाचा खर्च एका खिडकीच्या खर्चाएवढाहि येणार नाहीं. दिवाळीनंतर नव्या कामांचा हंगाम सुरू होतो. त्यापूर्वीं हा नमुना छापून तयार असावा.